फीडचं चिन्ह दिसत नाही? पत्ता असा शोधा

प्रश्न: रोज दहा-बारा संकेतस्थळं उघडून नवीन काही आलंय का ते बघतो. फीड रीडरने हे काम वाचतं म्हणतात. त्यासाठी प्रत्येक ठिकाणी नाव नोंदवावं लागतं का?

नाही. फीड म्हणजे संकेतस्थळाने स्वतःच ठेवलेली एक फाइल. ताज्या लेखांचे मथळे, तारखा, दुवे आणि सारांश किंवा पूर्ण मजकूर तिच्यात असतो. नवा लेख चढला की फाइल बदलते. रीडर, म्हणजे फीड वाचणारं ॲप किंवा सेवा, ठरावीक वेळाने ती तपासतो आणि नवं तेवढं तारखेनुसार पुढे ठेवतो. संकेतस्थळाला तुमचा ईमेल कळतही नाही. कंटाळा आला तर यादीतून फीड काढून टाका, झालं.

आरएसएस आणि ॲटम अशी दोन नावं भेटतील; फीडची फाइल लिहिण्याच्या या दोन पद्धती. पहिलं १९९९चं, दुसरं २००५मध्ये प्रमाणित झालेलं. रीडरना दोन्ही कळतात, त्यामुळे निवडीवर डोकं खपवू नका.

प्रश्न: फीडचं ते नारिंगी चिन्ह आता कुठेच दिसत नाही. फीड्स बंद झाली का?

चिन्ह गेलं, फाइल बहुतेक ठिकाणी आहे. गूगल रीडर १ जुलै २०१३ला बंद झाला, डिसेंबर २०१८मध्ये फायरफॉक्स ब्राउझरच्या ६४व्या आवृत्तीतून फीडची सोय निघाली आणि लोकांचा समज झाला की सगळंच संपलं.

आधी मुखपृष्ठाचा पत्ता जसाच्या तसा रीडरच्या 'ॲड फीड'मध्ये चिकटवा. पानाच्या कोडमध्ये फीडचा पत्ता लिहिलेला असेल तर रीडर तो स्वतः हुडकतो. यूट्यूब चॅनलचा पत्ताही बरेच रीडर असाच घेतात.

नाही जमलं तर अंदाज लढवा. वर्डप्रेस आणि ब्लॉगर ही संकेतस्थळं, ब्लॉग बनवायची साधनं. वर्डप्रेसवरच्या संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे स्लॅश देऊन इंग्रजी अक्षरांत 'फीड' लिहा. ब्लॉगरवर 'फीड्स', 'पोस्ट्स', 'डीफॉल्ट' हे तीन शब्द क्रमाने, प्रत्येकाआधी स्लॅश. पान उघडल्यावर कंसांच्या जंजाळात मजकूर दिसला किंवा फाइल डाउनलोड झाली तर घाबरू नका, हेच हवं होतं. वरचा पत्ता कॉपी करून रीडरमध्ये टाका.

तेही फसलं तर संगणकावर ते पान उघडून कंट्रोल-यू दाबा. कोड दिसेल. त्यात कंट्रोल-एफने 'आरएसएस', मग 'ॲटम' शोधा, अर्थात इंग्रजी अक्षरांत. सापडलेल्या ओळीत 'एचरेफ' (href) या शब्दापुढे अवतरणचिन्हांत असतो तो फीडचा पत्ता. तो एकाच स्लॅशने सुरू होत असेल तर आधी संकेतस्थळाचं नाव जोडा. इथे एक खोड लक्षात ठेवा: वर्डप्रेसमध्ये लेखांचं फीड वेगळं आणि प्रतिक्रियांचं वेगळं, आणि दोन्ही पत्ते शेजारी-शेजारी असतात. घाईत दुसरं उचललं तर लेखांऐवजी लोकांचे शेरे येत राहतात. पत्त्यात 'कॉमेंट्स' दिसला की तो सोडा.

प्रश्न: फीड जोडलं, पण दहाच लेख आले, तेही अर्धवट. माझं काही चुकलं का?

तुमचं काही चुकलेलं नाही. वर्डप्रेस मुळात ताजे १० लेखच फीडमध्ये ठेवतो, यूट्यूब १५ व्हिडिओ. जुनं हवं तर संकेतस्थळावरच जावं लागेल. अर्धा मजकूर ही मालकाची निवड. काही रीडरमध्ये पूर्ण लेख ओढून आणायचं बटण असतं, ते वापरून बघा.

मात्र या दहाच्या मर्यादेमुळे दुसरा घोटाळा होतो. रीडर फक्त तुमच्या संगणकावर चालत असेल आणि तो तीन आठवडे बंद राहिला, तर मधल्या काळात आलेल्या २५ लेखांपैकी शेवटचे दहाच हाती लागतात. सर्व्हरवर, म्हणजे सेवा देणाऱ्या कंपनीच्या संगणकावर, चालणारा रीडर तुमच्या गैरहजेरीतही तपासत राहतो.

वाचलेले लेख एकदम पुन्हा 'न वाचलेले' दिसू लागले तर संकेतस्थळाने लेखांचे ओळख-क्रमांक बदललेत असं समजा. 'सगळं वाचलं' दाबून मोकळे व्हा.

प्रश्न: रीडर कोणता घ्यावा? पुढे बदलता येतो का?

एकाच यंत्रावर वाचायचं असेल तर संगणकावर थंडरबर्ड, अँड्रॉइडवर फीडर, ॲपलच्या यंत्रांवर नेटन्यूजवायर. फोन आणि संगणक दोन्हीकडे मेळ हवा तर फीडली किंवा इनोरीडर; फुकटच्या खात्याला मर्यादा असतात, पण सुरुवातीला पुरतात. पहिल्या आठवड्यात पाच-सहाच फीड्स जोडा. दिवसाला शंभर बातम्या ओतणारं फीड नकोच, महिन्यातून दोनदा लिहिणारा चांगला ब्लॉग त्याखाली गाडला जातो. अगदी हवंच असेल तर वेगळ्या फोल्डरमध्ये कोंडा.

बदलणं सोपं आहे. जुन्या रीडरच्या सेटिंगमधून 'ओपीएमएल' फाइल, म्हणजे तुमच्या फीड्सची यादी, एक्सपोर्ट करा, नव्यात इम्पोर्ट करा. पत्ते आणि बहुधा फोल्डरही येतात. काय वाचलं याच्या खुणा आणि तारांकित लेख येत नाहीत. ते लेख हवे असतील तर जुनं खातं बंद करण्याआधी त्यांचे दुवे उतरवून घ्या.