आधी टेल लॉग, मग रिस्टोअर

एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस सॉफ्टवेअरचे बॅकअप परत चढवताना, म्हणजे रिस्टोअर करताना, तेच तेच घोळ होतात आणि तेच प्रश्न येत राहतात. त्यांतले काही इथे घेतले आहेत. फुल बॅकअप म्हणजे अख्ख्या डेटाबेसची प्रत, लॉग म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदी, लॉग बॅकअप म्हणजे त्या नोंदींची प्रत, आणि टेल लॉग म्हणजे शेवटच्या लॉग बॅकअपनंतर उरलेल्या नोंदींचा बॅकअप.

प्रश्न: फुल बॅकअप रिस्टोअर झाला, डेटाबेस उघडलाही. लॉग बॅकअप लावताना मात्र एरर ३११७ येते.

उत्तर: 'विथ नोरिकव्हरी' (डेटाबेस न उघडता पुढच्या लॉगसाठी थांबवून ठेवणारा पर्याय) द्यायचं राहिलं. उघडलेल्या डेटाबेसवर लॉग चढत नाही. फुलपासून पुन्हा सुरू करा.

प्रश्न: फुल बॅकअपने लॉगची साखळी (एकामागोमाग लावायच्या लॉग बॅकअपांचा क्रम) तुटते, म्हणून त्याआधीचे लॉग बॅकअप रोज उडवतो. बरोबर ना?

उत्तर: चूक. ही ऐकीव गोष्ट अजून किती दिवस फिरणार! फुलमुळे साखळी तुटत नाही, लॉग रिकामाही होत नाही. साखळी तुटते ती रिकव्हरी मॉडेल (लॉग कसा राखायचा याची सेटिंग) सिंपल केल्यावर; त्यात लॉग बॅकअप घेता येत नाही. मधला एखादा लॉग बॅकअप हरवला, तर पुढचा लावताना एरर ४३०५ येते. आजचा फुल खराब निघाला, तर कालचा फुल आणि त्यानंतरचे सगळे लॉग लावून आजपर्यंत येता येतं. तुम्ही नेमकी तीच वाट बंद करताय. किती दिवसांचे ठेवायचे ते डीबीएशी (डेटाबेस सांभाळणाऱ्याशी) बोलून ठरवा. तोवर एकही उडवू नका.

प्रश्न: लॉग बॅकअप दर तासाला होतो. ११:४० ला कुणीतरी 'व्हेअर' (कोणत्या ओळी ही अट) न लिहिता डिलीट चालवलं, ११:५० ला कळलं. रात्रीचा फुल 'विथ रिप्लेस' (आहे त्या डेटाबेसवरच चढवणारा पर्याय) देऊन लगेच चढवू का?

उत्तर: हात आवरा. शेवटचा लॉग बॅकअप ११:०० चा. नंतरच्या नोंदी फक्त चालू लॉग फाईलमध्ये आहेत. 'रिप्लेस' दिलं नसतं, तर लॉगच्या शेपटाचा बॅकअप झालेला नाही हे सर्व्हरनेच एरर ३१५९ देऊन सांगितलं असतं. 'रिप्लेस' ती सूचना दाबतं आणि त्या नोंदी कायमच्या जातात.

म्हणून आधी टेल लॉग. डेटाबेस जागीच मागे न्यायचा असेल, तर हा बॅकअप 'नोरिकव्हरी' देऊन घ्या; डेटाबेस रिस्टोअरिंगमध्ये जातो, नवी नोंद शिरत नाही. डेटा फाईल बिघडली पण लॉग फाईल शाबूत असेल, तर तो 'नो ट्रंकेट' देऊन घ्या.

तुमच्याकडे मात्र जागीच मागे नेलं, तर ११:४० नंतरचं खरं कामही जाईल. त्यापेक्षा आत्ता साधा लॉग बॅकअप घ्या. फुल वेगळ्या नावाने, 'मूव्ह'ने फाईलींच्या जागा बदलून, 'नोरिकव्हरी'त चढवा. मग लॉग क्रमाने लावा आणि शेवटच्याला 'स्टँडबाय' (डेटाबेस फक्त वाचण्यापुरता उघडणारा पर्याय) आणि 'स्टॉपॲट'मध्ये (कोणत्या वेळेपर्यंत यायचं) ११:३९ द्या. टेबल उघडून पाहा. कमी पडलं तर आणखी पुढे सरकता येतं. जास्त पुढे गेलात, तर पुन्हा फुलपासून. गेलेल्या ओळी तिथून मूळ टेबलात भरायच्या. फॉरेन की (टेबलांना एकमेकांशी बांधणारे नियम) किंवा ट्रिगर (ओळ बदलली की आपोआप चालणारा कोड) असतील, तर डीबीएला शेजारी बसवूनच.

प्रश्न: डेटाबेस सस्पेक्ट (बिघडल्याचा संशय, म्हणून बंद) दाखवतोय. डिटॅच करून (सर्व्हरपासून सोडवून) एखाद्या दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरने फाईल सुधारू का?

उत्तर: डिटॅच अजिबात नको, पुन्हा जोडला जाईलच असं नाही. त्या सॉफ्टवेअरच्या डेमोत टेबलांची यादी दिसली म्हणजे आतल्या ओळी शाबूत आहेत, असंही नाही. आधी टेल लॉग, मग बॅकअपवरून रिस्टोअर, आणि आजच जाणकाराला गाठा.

प्रश्न: बॅकअपवर 'व्हेरिफायओन्ली' ही तपासणी चालवली, पास झाली. पुरे ना?

उत्तर: नाही. बॅकअप फाईल पूर्ण आणि वाचण्याजोगी आहे, एवढंच त्यातून कळतं. दुसऱ्या सर्व्हरवर रिस्टोअर करा आणि 'चेकडीबी' (डेटाबेस आतून शाबूत आहे का हे तपासणारी आज्ञा) चालवा.