अँटिव्हायरस घेण्याआधी

दुकानदार लॅपटॉपसोबत वर्षभराचा अँटिव्हायरस गळ्यात मारतोय म्हणून लगेच पैसे काढू नकोस. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटिव्हायरस आधीपासूनच असतो, आणि माझ्या मते घरगुती वापराला तो पुरतो. मात्र विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. तुझं मशीन त्यावर असेल तर आधी ११ वर जा, बाकी नंतर.

पोरांवर लक्ष ठेवायला किंवा चार-पाच उपकरणांसाठी एकच लायसन्स हवं म्हणून विकतचा घेणार असशील तर जाहिरातींपेक्षा एव्ही-टेस्ट, एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या स्वतंत्र संस्थांच्या चाचण्यांचे निकाल बघ. पहिल्या वर्षीची सवलत पुढच्या वर्षी बहुधा नसते, म्हणून ऑटो-रिन्यूअल बंदच ठेव. आणि दोन अँटिव्हायरस एकत्र टाकू नकोस. एकमेकांच्या पायात पाय घालतात, मशीन रखडतं.

खरी भानगड फोनवर. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा आरटीओचं चलन म्हणून एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप इन्स्टॉल करणारी फाइल, येते. (पत्रिका कधी इन्स्टॉल करावी लागते का!) ती उघडायचीच नाही, ओळखीच्या नंबरावरून आली तरी. प्ले स्टोअरमधलं प्ले प्रोटेक्ट (घातक अ‍ॅप तपासणारी सोय) चालू ठेव. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लाव.