घरचा अनुभव पीएचडीत आणू का?

प्रश्न : ताई, मी गुहागरची. आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात पीएचडी करतेय. माझे बाबा बोटीवर होते, मालकाने बोट आखातातल्या एका बंदराबाहेर तशीच सोडून दिली, पगार बंद, उतरून घरी येता येईना, असे कित्येक महिने गेले. म्हणून मला अशा सोडून दिलेल्या जहाजांवरच काम करायचंय. पण गाइड म्हणतात घरची गोष्ट प्रस्तावनेत दोन ओळी लिही आणि विसर, नाहीतर व्हायव्हाला, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेला, बायस्ड म्हणतील. काय करू?

उत्तर : अगं, हा विषय नुसता घरचा नाहीच मुळी. मालक एका देशातला, झेंडा (म्हणजे जहाजाची नोंदणी) पनामाचा नाहीतर लायबेरियाचा, बंदर तिसऱ्याच देशाचं आणि खलाशी आपल्या गुहागर-दापोलीचे, मग जबाबदारी कुणाची? १९८२ च्या सागरी कायदा करारात झेंड्याच्या देशाने आपल्या जहाजाकडे बघायचं असं आहे, सागरी कामगार कराराच्या २०१७ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने मालकाला विम्यासारखी आर्थिक हमी ठेवावी लागते, मालकाने दोन महिने पगार थकवला तरी खलाशांना वाऱ्यावर सोडलं असं धरता येतं. एवढं सगळं कागदावर असून माणसं अडकतात ती का, तुझा थिसिस इथे आहे, आणि हे तुला सुचलं ते घरी भोगलंत म्हणून.

मोठमोठ्यांचंही असंच असतं. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झालेले हेन्री किसिंजर घे, १९३८ मध्ये नाझी जर्मनीतून निघालेल्या ज्यू घरातला मुलगा, आणि हार्वर्डची पीएचडी केली ती नेपोलियननंतर युरोपात शांतता कशी बसवली यावर. लहानपणाचा आपल्यावर तसा परिणाम नाही असं तो स्वतः म्हणायचा, मला ते पटत नाही.

पण मला तुझ्या बाबांपेक्षा आईबद्दल जास्त विचारायचंय. सिंथिया एन्लो या स्त्रीवादी अभ्यासक, त्यांनी आंतरराष्ट्रीय राजकारणात बायका कुठे आहेत असं विचारलं आणि लष्करी तळांभोवतीच्या, केळीच्या मळ्यातल्या, मुत्सद्द्यांच्या घरातल्या बायका अभ्यासात आल्या. तसं तू बघ, त्या महिन्यांत आईने कुणाकुणाला फोन केले? आधी मॅनिंग एजंट, म्हणजे बोटीवर माणसं भरणारा, तो म्हणणार पुढच्या आठवड्यात होईल, मग कंपनी, मग डीजी शिपिंग हे सरकारी जहाज खातं, युनियन, एम्बसी, प्रत्येकजण दुसऱ्याचा नंबर देणार. ते नंबर तिने कुठल्या वहीच्या मागच्या पानावर लिहिले असतील तर ते पान जपून ठेव गं, कुठल्या देशाने कुठे हात वर केले त्याचा नकाशाच आहे तो.

आता गाइडचं. त्यांचं एक बरोबर आहे, बाबांवर अन्याय झाला हे तुला आधीच माहितीये, ते सिद्ध करायला पीएचडी नको. तुझ्या समजुतीला धक्का देईल अशी केस मुद्दाम शोध. आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) आणि आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) मिळून अशा जहाजांची नोंद ठेवतात, ऑनलाइन बघता येते, झेंडा, बंदर, खलाशी कुठले ते त्यात असतं. एकाच बंदरातली दोन जहाजं घे, एकातली माणसं लवकर सुटली, दुसऱ्यातली रखडली, आणि फरक कशाने पडला ते शोध, झेंड्याने की विम्याने की बंदरातल्या अधिकाऱ्यांनी. उत्तर तुला आवडलं नाही तरी लिही. आणि तू कुणाची मुलगी ते मेथडॉलॉजीच्या, म्हणजे अभ्यास कसा केला त्या प्रकरणात सरळ सांग, त्यामुळे कोण तुझ्याशी मोकळेपणाने बोललं आणि कोण बोललं नाही तेही. लपवलंस तरच व्हायव्हाला अडचण.

एक काळजी मात्र घे. आपल्याकडे अमक्या वाडीतला, तमक्या बोटीवरचा एवढं म्हटलं तरी लोक नाव ओळखतात आणि ज्यांना परत बोटीवर जायचंय त्यांना काम मिळणार नाही ही भीती असते, ती खोटी नाही. नुसतं नाव बदलून भागत नाही, वाडी, बोट, वर्ष सगळं झाकावं लागतं. बाबांनाही नाही म्हणायची मोकळीक दे. आणि आईची मुलाखत बाबा घरात नसताना वेगळी घे, त्यांच्यासमोर ती पैशाचं आणि दागिन्यांचं सांगणार नाही.