शांत बसले की जुने भांडणच आठवते

पत्र: ताई, मी 46 वर्षांची आहे. मुलगा शिक्षणासाठी दूर गेल्यापासून घर सुने झाले आहे. मन प्रसन्न राहावे म्हणून तीन महिन्यांपूर्वी मी वेळापत्रक आखले: पहाटे अर्धा तास ध्यान, मग दहा हजार पावले, रात्री चित्रकला आणि रोजनिशी. पावले पूर्ण होतात, पण मन होते तिथेच आहे. ध्यानाला बसले की दोन वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीशी झालेले भांडण शब्दन् शब्द आठवते. माझी चित्रे तर मलाच पाहवत नाहीत. मला साधे शांत राहणेही जमू नये का? आणि बहिणीला मी आपणहून फोन करावा का?

उत्तर:

प्रिय मैत्रिणी,

‘पावले पूर्ण होतात’ हे तुमचे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. इतकी वर्षे मुलाच्या वेळा सांभाळताना तुम्हाला घड्याळाची सवय लागली असणार आणि तो गेल्यावर मोकळ्या झालेल्या वेळेलाही तुम्ही त्याच शिस्तीने कामाला जुंपले आहे. ज्या फिरण्याने मनाला विसावा मिळायचा, त्याचाच रोज हिशेब द्यावा लागत असेल, तर मन थकणारच. यात तुमच्या पात्रतेचा प्रश्न कुठेही येत नाही.

फिरणे सोडू नका, मोजणे मात्र सोडा. इंग्लंडमधील सुमारे 20 हजार लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकूण 120 मिनिटे किंवा त्याहून अधिक वेळ निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली प्रकृती आणि समाधान चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले, आणि हा वेळ एका दमात घालवला की थोडा थोडा करून, याने फरक पडला नाही. अशा अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही, हे खरे. तरीही रोज सतरा-अठरा मिनिटे एखाद्या झाडाजवळ घालवणे कोणालाही झेपण्यासारखे आहे. तेवढ्या वेळात चाललेच पाहिजे असेही नाही. एकच झाड निवडा आणि रोज त्याच्याकडेच जा. पहिले दोन-तीन दिवस कंटाळा येईल. मग खोडाच्या कोणत्या बाजूला शेवाळ आहे, मुंग्यांची रांग कोणत्या भेगेतून वर चढते, काल मिटलेली पालवी आज किती उलगडली, हे दिसू लागेल. डोळे अशा बारीकसारीक गोष्टीत गुंतले की मन आपणहून त्यांच्यामागे जाते, त्याला ओढून न्यावे लागत नाही.

चित्रांबद्दल मला थोडे अधिक सांगायचे आहे, कारण तुम्ही स्वतःशी सर्वांत कठोर तिथे झाला आहात. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात 39 प्रौढांना 45 मिनिटे रंग, माती, कागद यांतून हवे ते करू दिले होते. त्यानंतर सुमारे तीन-चतुर्थांश जणांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झालेले आढळले. आणि ज्यांना चित्रकलेचा फारसा अनुभव नव्हता, त्यांनाही अनुभवी मंडळींइतकाच लाभ झाला. तेव्हा चित्र चांगले येण्याची अट मनातून काढून टाका. त्याच झाडाखाली पडलेले, किडीने कुरतडलेले एक पान घरी आणा. ते कागदाशेजारी ठेवा, डोळे पानाच्या कडेवरून फिरवा आणि कागदावर पेन्सिल डोळ्यांच्या वेगानेच, अगदी सावकाश चालवा. कुरतडलेल्या जागी कडा आत वळते, तिथे एक तपकिरी रेघ असते, आणि मधली शीर देठाकडे जाड होत जाते. रेघ चुकली तर तशीच राहू द्या, खोडरबर घेऊ नका. हे चित्र कोणालाही दाखवायचे नाही, मुलाला फोटो काढून पाठवायचेही नाही.

आता त्या भांडणाविषयी. डोळे मिटले की ते आठवते, याचा अर्थ तुम्हाला ध्यान जमत नाही असा होत नाही. दिवसभराच्या गडबडीत जे मागे राहते, ते शांततेत पुढे येते. मात्र तेच शब्द रोज अर्धा तास मनात घोळवल्याने जखम भरत नाही, उलट ओली राहते. काही दिवस ध्यान बाजूला ठेवा आणि रात्रीची रोजनिशीही थांबवा. त्याऐवजी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, केवळ या भांडणावर लिहा. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातील विद्यार्थ्यांनी असेच चार दिवस लिहिले होते. लिहून झाल्याबरोबर त्यांना अधिक उदास वाटले, परंतु ज्यांनी घडलेली हकीकत आणि तिच्याबद्दलच्या भावना अशा दोन्ही गोष्टी लिहिल्या, त्यांना पुढील महिन्यांत आजारपणासाठी दवाखान्यात कमी वेळा जावे लागले. म्हणून पहिल्या रात्री रडू आले, तर घाबरू नका. फारच असह्य झाले, तर तिथेच थांबा. चौथ्या दिवशी ‘मी’ऐवजी स्वतःचे नाव लिहून, एखाद्या ओळखीच्या बाईची गोष्ट सांगावी तसे तेच भांडण मांडा, त्या बाईची बाजू आणि तिच्या बहिणीचीही.

एक काळजी मात्र घ्या. झोप उडणे, भूक मंदावणे, कशातच गोडी न वाटणे हे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकले, तर डॉक्टरांना भेटा. जगणे नको वाटू लागले, तर एक दिवसही थांबू नका.

बहिणीला फोन करावा का, तर माझे मत करावा असेच आहे, पण लिहून झाल्यावर. कोण चुकले याचा निवाडा त्या फोनवर करू नका, आणि दोन वर्षांचा हिशेबही काढू नका. ‘तुझी आठवण येत होती, म्हणून फोन केला’ एवढेच म्हणा आणि मग तिला बोलू द्या. ती गप्प राहिली, तर तुम्हीही थोडा वेळ गप्प राहा. फोन मात्र लगेच ठेवू नका.

तुमची,
ताई