युरिया पाण्यात नको, चिखलात

लश्कर, ग्वाल्हेर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

ग्वाल्हेरजवळच्या डबऱ्याच्या शेतात युरिया देऊनही धान पिवळंच आहे, आणखी किती टाकू, असं विचारतोस. (घरात भात, शेतात धान; ग्वाल्हेरची मराठी अशीच.) आधी सांग, टाकलास तेव्हा खाचरात पाणी किती होतं? भरपूर असणार. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही भरल्या शेतात फेकायला सांगत होतो, आणि लोक ऐकत होते, हे वाईट.

युरियात 46 टक्के नत्र. युरिएझ नावाचं विकर (एन्झाइम) काही दिवसांतच त्याचं अमोनियम करतं. रोपाला हवं तेच, पण ते मुळाशी पोचायला हवं. साचल्या पाण्यातलं शेवाळ उन्हात कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, दुपारी पाण्याचा सामू (pH, आम्ल-अल्कतेचं माप) नऊच्याही वर जातो आणि अमोनियमचा अमोनिया वायू होऊन उडून जातो. सकाळी सातला नि दुपारी दोनला त्याच पाण्याचा सामू घेऊन बघ, मग माझं म्हणणं नुसतं मानावं लागणार नाही.

दुसरी गळती मातीत. पाण्याखालच्या मातीचा वरचा काही मिलिमीटरचा तपकिरी पापुद्रा तेवढा प्राणवायूचा. खाली राखाडी, कोंदलेला चिखल. पापुद्र्यात अमोनियमचं नायट्रेट होतं. त्याला माती धरून ठेवत नाही. ते खाली उतरलं की तिथले जिवाणू त्यातला प्राणवायू वापरतात आणि नत्र हवेत सोडतात. 2015 पासून आपल्याकडच्या युरियाला कडुनिंबाचा लेप असतो, तो ही गळती मंदावतो. वरून उडणाऱ्या अमोनियाचं त्याला काही करता येत नाही.

रोपाची युक्ती मला आजही आवडते. ते आतल्या पोकळ्यांतून मुळापर्यंत हवा नेतं, थोडी बाहेरही सोडतं. उपटलेल्या मुळावर तांबूस थर दिसतो, तो त्या हवेनं गंजलेल्या लोहाचा. त्या वेढ्यात थोडं नायट्रेट बनतं, मूळ तेही घेतं; मुख्य जेवण मात्र अमोनियमचं. मुळांमध्येच त्याचं ग्लुटामिन (एक अमिनो आम्ल) करून ते वर धाडतं, कारण कच्चं अमोनियम साठलं तर बाधतं.

म्हणून पहिला हप्ता चिखलणीला मातीत मिसळ, मग पाणी भर. दुसरा फुटव्यांच्या वेळी, आधी पाणी उतरवून मग दे आणि एक-दोन दिवसांनी पाणी पुन्हा भर. तिसरा लोंबी पोटात धरायच्या सुमारास. तोवर मुळांचं जाळं वरपर्यंत पसरलेलं असतं, टाकलेलं लगेच उचललं जातं.

आणि पिवळेपणा कुठून सुरू झाला, हे तू लिहिलंच नाहीस. जुनी, खालची पानं सरसकट पिवळी पडत असतील तर नत्राची कमी समजू. त्यांवर गंजासारखे ठिपके असतील तर तो खैरा, म्हणजे जस्त कमी, तिथे युरिया वाढवून उपयोग नाही. दोन रोपं मुळांसकट उपटून ओल्या पोत्यात गुंडाळून आण. रविवारी मी घरीच आहे.

तुझा,
काका