हॉरर गेमच्या पुढच्या भागात ॲक्शन वाढली की चाहते एवढे का भांडतात? 'डेड स्पेस 3' घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की 'डेड स्पेस' या अंतराळातल्या हॉरर गेमचे पहिले दोन भाग रात्री एकट्याने बसून संपवलेत, पण तिसऱ्याबद्दल अर्धे लोक म्हणतात 'हॉररची वाट लावली' आणि अर्धे म्हणतात 'गेम झकास आहे, हे उगाच रडतात'. मग ऐकायचं कुणाचं?

गेम घ्या. सेलमध्ये लागला की घ्या, पूर्ण किमतीला नको. आणि भांडणाचं म्हणाल तर दोन्ही बाजू बंदुकीवरून भांडतायत. भीतीचा संबंध बंदुकीशी फारसा नाही, खिशात गोळ्या किती उरल्यात याच्याशी आहे.

माझा मावसभाऊ कुडाळात असतो, मी मालवणात. त्याचं हॉररबद्दलचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात संपतं: "मारूक गावला तर तां भूत कसला?" (मारता आलं तर ते भूत कसलं?) देवचार, गिरो, मुंजा या भुतांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला हे लगेच पटतं. गिऱ्याला कोणी दांडक्याने बडवल्याचं आमच्याकडे ऐकिवात नाही. तिन्हीसांजेनंतर व्हाळाकडे (ओढ्याकडे) फिरकायचं नाही, एवढाच त्याच्यावर उतारा. शुद्ध हॉररवाल्यांचं म्हणणं हेच आहे आणि त्यांच्या बाजूने चांगले दाखलेही आहेत. 2010 चा 'ॲम्नेशिया' घ्या. त्यात हातात शस्त्रच नाही, कपाटात लपायचं आणि राक्षसाकडे टक लावून बघायचंही नाही.

पण हीच पट्टी 'डेड स्पेस'ला लावली तर 2008 चा पहिला भागच बाद होतो! त्यात आपण ज्याच्या रूपात खेळतो त्या आयझॅककडे पहिल्या तासाभरातच प्लाझ्मा कटर हे कापायचं हत्यार येतं आणि पुढे तो गेमभर मारतच सुटतो. तरी आपली फाटते ती का, हे जरा नीट आठवून बघा. नेक्रोमॉर्फच्या, म्हणजे मढ्यांपासून बनलेल्या राक्षसांच्या, डोक्यात गोळी घालून काही होत नाही, हातपाय तोडावे लागतात. अंगावर धावून येणाऱ्या त्या ध्यानाच्या गुडघ्यावर कटरची रेघ आडवी लावायची की उभी, हे अर्ध्या सेकंदात ठरवायचं. त्यात प्रत्येक हत्याराच्या गोळ्या वेगळ्या. रिपर नावाच्या हत्याराच्या पात्या ढीगभर पडून आहेत आणि कटर रिकामा, असं हमखास होतं. पॉवर नोड एकच उरलेला असतो. तो हत्यार सुधारायला वापरायचा की बंद खोलीचं दार उघडायला? दाराआड गोळ्या असतील, नाहीतर काहीच नसेल. दुकानासमोर उभं राहून महिनाअखेरीच्या वाण्यासारखा हिशोब मांडत बसलोय आणि मागे कुठेतरी व्हेंटची जाळी खडखडतेय, हा खरा 'डेड स्पेस'.

2013 च्या तिसऱ्या भागात नेमका हा हिशोब काढून टाकला. सगळ्या हत्यारांना एकच गोळी चालते. बाकावर बसून सुटे भाग जोडायचे आणि मनासारखी बंदूक बनवायची. वर एक आणि खाली एक, अशी दोन हत्यारं एकाच दांड्यावर. गंमत येते, खोटं कशाला बोलू. पण शॉटगन आणि कटर एकाच खिशातून जेवायला लागले की 'आत्ता कुठलं वापरू' हा प्रश्नच संपतो. वर ताऊ व्होलान्टिस या ग्रहाच्या बर्फात युनिटॉलॉजी या गेममधल्या धर्मपंथाचे सैनिक रायफली घेऊन समोर येतात आणि आयझॅक खोक्याआड वाकून, कोलांट्या मारत त्यांच्याशी गोळीबार करतो. ज्याला गोळी लागली की तो मरतो, अशा माणसाला कोण घाबरणार? साहित्य कमी पडलं तर खऱ्या पैशाने विकत घ्यायची सोयही होती. लोक चिडले ते साहजिकच होतं. हा गेम काढणाऱ्या ईए कंपनीच्या एका मोठ्या अधिकाऱ्याने 2012 मध्ये सांगितलं होतं की असा गेम पुढे चालू ठेवायचा तर साधारण 50 लाखांचा प्रेक्षक हवा. एवढी माणसं गोळा करायची म्हणजे घाबरट माणसालाही तिकीट द्यावं लागतं.

आता दुसऱ्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे 'रेसिडेंट एव्हिल 4'. तो 2005 मध्ये आला तेव्हा जुने लोक असेच बोंबलले होते. कोपऱ्यातला स्थिर कॅमेरा गेला, झॉम्बी गेले, हाणामारी आली. आणि आज त्याला नावं ठेवणारा माणूस शोधावा लागतो. त्यातल्या पहिल्या गावात नायक लिऑन शिरतो, वीस-पंचवीस गावकरी कोयते-कुऱ्हाडी घेऊन घेरतात, आपण घरात घुसून दाराला कपाट लावतो आणि बाहेर चेनसॉ सुरू झाल्याचा आवाज येतो. ॲक्शनच ना ही? पण नेम धरला की लिऑनचे पाय जमिनीला खिळतात. एक पाऊलही टाकता येत नाही. म्हणजे प्रत्येक गोळीची किंमत वेळात आणि जागेत मोजायची. समोरच्याला मारताना मागून कोण येतोय ते दिसत नाही आणि हलताही येत नाही. शिवाय ब्रीफकेसमध्ये चौकोन मोजूनच. रॉकेट लाँचर ठेवायचा तर औषधी पाला टाकावा लागतो. आणखी एक मजा म्हणजे 'डेड स्पेस' करणाऱ्यांनी प्रेरणा घेतली ती याच गेमवरून. ॲक्शनच्या नावाने खडे फोडताना हे वंशवृक्षाचं प्रकरण लोक सोयीस्कर विसरतात.

आमच्या सिंधुदुर्गात हे भांडण जत्रेच्या मांडात कधीपासून चालू आहे. दशावतारी नाटकात युद्ध पहिल्यापासूनच आहे. मृदंगाच्या ठेक्यावर देव आणि राक्षस तलवारी घेऊन गिरक्या घेतात, आणि त्याला कोणी म्हातारा नाक मुरडत नाही. पण हल्ली बोर्डावर 'ट्रिकसीनयुक्त' असं ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: धूर, रंगीत लाईट, अधांतरी देवी, धडावेगळं झालेलं मुंडकं. तरुण पोरं त्यासाठी तालुका ओलांडून जातात, आणि मागच्या रांगेतले जुने रसिक म्हणतात की संवाद गेले, गाणं गेलं, उरला तो धूर. मला स्वतःला ट्रिकसीन आवडतात. रात्रभराच्या प्रयोगात एकदा-दोनदा आले तर अंगावर काटा येतो. दर प्रवेशाला धूर सोडला तर मात्र माणसं सोललेल्या शेंगा खात गप्पा मारायला लागतात. राक्षस तोच, नट तोच, मृदंगही तोच असतो.

'रेसिडेंट एव्हिल' बनवणाऱ्या कॅपकॉमला हे 2012 च्या 'रेसिडेंट एव्हिल 6' मध्ये कळलं. धावता धावता नेम, घसरत गोळ्या, लाथाबुक्क्या, चार वेगवेगळ्या कथा, इमारती कोसळतायत, विमानं पडतायत. दर प्रवेशाला धूर! खपला बरा, पण 70 लाखांची अपेक्षा कंपनीला खाली आणावी लागली. मग 2017 च्या सातव्या भागात नजर थेट पात्राच्या डोळ्यांतून, एकच पडकं घर आणि ईथन नावाचा नवा साधा माणूस. नवा माणूस घेणं हीसुद्धा हुशारीच. ज्या लिऑनने शेकड्यांनी राक्षस लोळवले तो जिन्याखाली थरथरत बसलाय हे आपल्याला पटत नाही. आयझॅकची तिसऱ्या भागात हीच पंचाईत झाली. 2023 च्या 'रेसिडेंट एव्हिल 4' च्या रीमेकमध्ये तर चालता चालता नेम धरायची मुभा दिली. पण गावकरी जास्त आक्रमक केले आणि सुरी वापरून वापरून मोडते अशी सोय केली. एका हाताने दिलं ते दुसऱ्या हाताने काढून घेतलं, म्हणून भीती शाबूत राहिली.

आता तुमच्या कामाचं. 'डेड स्पेस 3' एकदा संपवला की 'प्युअर सर्व्हायव्हल' नावाचा मोड उघडतो. त्यात मेलेल्या शत्रूकडून तयार गोळ्या आणि औषधं मिळणं बंद. फक्त कच्चं साहित्य मिळतं; त्याचं औषध करायचं की गोळ्या, ते बाकावर बसून तुम्ही ठरवा. बर्फ तोच, नेक्रोमॉर्फ तेच, बंदुकाही त्याच. आणि अचानक तुम्ही दाराशी थांबून आवाज ऐकायला लागता. शुद्ध हॉररवाल्यांपैकी बरेच जण पहिल्या फेरीतच वैतागून गेम सोडतात, त्यामुळे इथपर्यंत पोचतच नाहीत.

दुसरं म्हणजे को-ऑप, म्हणजे दोघांनी मिळून खेळणं. सगळ्यात जास्त शिव्या याला पडल्या, 'सोबत कोणी असेल तर भीती कसली' म्हणून. पण आयझॅकचा साथीदार जॉन कार्व्हर याच्या काही मोहिमा फक्त दोघांनी खेळलं तरच मिळतात, आणि त्यात कार्व्हरला भास होतात जे आयझॅकला दिसत नाहीत. मी आयझॅक, मावसभाऊ कार्व्हर, दोघे आपापल्या घरी, कानाला हेडफोन. भर पावसाळा, रेंज येतेय-जातेय. तो मध्येच म्हणाला, "तो बाहुलो दिसता मा तुका?" मी म्हटलं, "खंयचो बाहुलो?" माझ्या स्क्रीनवर कोरी भिंत होती. त्याच्या स्क्रीनवर तिथे खेळण्यातला शिपाई उभा होता. पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता, आणि मला कळेना की हा माझी मस्करी करतोय का. एका गोळीचाही संबंध नसलेला हा प्रसंग या 'ॲक्शनवाल्या' गेममध्ये आहे, आणि तो सोबतीशिवाय घडूच शकत नाही.

तेव्हा असं करा. पहिली फेरी साध्या अवघडपणावर उरका. सुरुवातीला अंतराळात भटकणाऱ्या जुन्या जहाजांचा भाग येतो, तो मात्र सावकाश खेळा. तिथे जुना 'डेड स्पेस' बराच शिल्लक आहे. माणसांशी गोळीबार आला की वेळ न घालवता पुढे व्हा. विश्वासू मित्र असेल तर कार्व्हर त्याला द्या, आणि त्याला इंटरनेटवर काही वाचू देऊ नका. मग प्युअर सर्व्हायव्हल. 'अवेकन्ड' हे जोडप्रकरण वेगळं घ्यावं लागतं पण घ्याच, मूळ गेमपेक्षा ते जास्त काळोखी आहे. फक्त त्याचा शेवट अधांतरी आहे आणि पुढचा भाग काही आला नाही; हे गेम बनवणारा व्हिसरल स्टुडिओही ईएने 2017 मध्ये बंद केला.