मार्क नको देऊस, वळण बघ

अगं, तुझा तो लांबलचक मेसेज दोनदा वाचला. रोज रात्री डायरीत स्वतःला दहापैकी मार्क द्यायचे, प्रामाणिकपणा ७, धीर ४, आणि महिनाभर हे करूनही मी माणूस म्हणून बरी आहे की नाही ते कळत नाही म्हणतेस. कसं कळणार, तू रोज स्वतःच पेपर लिहितेस आणि स्वतःच तपासतेस!

ॲरिस्टॉटल वाचायला घेतलायस ना, मग त्या ग्रीक तत्त्ववेत्त्याच्या निकोमेकियन एथिक्स या नीतीवरच्या पुस्तकाचा दुसरा भाग सावकाश वाच, दहा भागांत तोच सगळ्यात कामाचा (प्रोफेसर लोक भांडतील माझ्याशी, भांडू देत). घरं बांधून बांधून माणूस गवंडी होतो, तसंच धाडसाची कामं करत करत धाडसी होतो, असं तो म्हणतो. ग्रीकमध्ये सवय आणि स्वभाव हे शब्द जवळजवळ एकच आहेत, एथॉस, फरक फक्त पहिल्या स्वराच्या ऱ्हस्व-दीर्घाचा. आपण नाही का वळण म्हणतो, अक्षराचं पण आणि पोराचं पण.

आता हे वळण ओळखायचं कसं, तर काय केलं याच्यापेक्षा करून झाल्यावर कसं वाटलं ते बघ. गोड खायचं नाकारलं आणि मग रात्रभर चडफडत बसली, तर त्याच्या हिशोबात ती बाई संयमी नाहीच.

माझंच सांगते. जुन्या ऑफिसात एका सहकाऱ्याने क्लायंटसाठी केलेलं प्रेझेंटेशन आधी मला दाखवलं, तिसऱ्या स्लाइडवरची बेरीज चुकलीये हे मला दिसलं होतं, तरी मी "मस्त झालंय" म्हणाले आणि वर मला छान पण वाटलं, मी किती समजूतदार वगैरे. दुसऱ्या दिवशी क्लायंटने ती बेरीज सगळ्यांसमोर काढली. डायरी लिहीत असते तर प्रेमळपणाला ८ दिले असते मी त्या रात्री! ॲरिस्टॉटलने चौथ्या भागात असल्या माणसाला नाव दिलंय, अरेस्कोस, म्हणजे सगळ्यांना खूश ठेवायला बघणारा, कशालाच विरोध न करणारा. फायद्यासाठी करतो तो वेगळा, तो खुशमस्कऱ्या. मी फुकटच करत होते.

त्यावर ॲरिस्टॉटलचा उपाय अगदी सुताराचा आहे. चांगला गुण दोन टोकांच्या मधे असतो, असं त्याचं म्हणणं. आपण कुठल्या बाजूला झुकतो ते बघायचं आणि स्वतःला उलट्या बाजूला ओढायचं, वाकडं लाकूड सरळ करतात तसं. म्हणून मी ठरवलं, प्रत्येक मीटिंगमध्ये एक तरी हरकत तोंडाने काढायचीच. पहिले काही महिने जास्तच झालं, लोक खडूस म्हणायला लागले, पण त्याशिवाय मधे येताच आलं नसतं.

आणि मधे म्हणजे बरोब्बर अर्ध्यावर नाही हं. दहा मापं जेवण जास्त, दोन कमी, म्हणून ट्रेनरने सगळ्यांना सहा द्यायची नाहीत, मिलो पैलवानाला ती कमी पडतील आणि नवख्याला जास्त होतील, हे उदाहरण ॲरिस्टॉटलचंच. तुझ्या मैत्रिणीचं माप तुला लागू नाही.

बाकी त्याला गुरुदेव करू नकोस, गुलामगिरी निसर्गानेच ठरवलेली मानणारा माणूस आहे तो.

डायरी आठवडाभर बंद ठेव आणि रूममेटला विचार, मी कुठे झुकते. ती बोलताना मधे सफाई द्यायची नाही. मला माझ्या बहिणीने सांगितलं होतं, भांडी घासता घासता, "तू हो म्हणालीस की मला खरंच वाटत नाही गं." तीन दिवस बोलले नव्हते मी तिच्याशी.